उन्हात ठेवलेला तक्ता

महोगनीचं लाकूड मोठं नखरेल. ताजं कापलं की फिकट गुलाबी दिसतं आणि ऊन खात खात गडद तांबूस होत जातं. पण त्यावर साधी पेन्सिल जरी विसरली, तरी तिच्याखालची जागा फिकटच राहते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून सुताराने नव्या पलंगाचा तक्ता गच्चीवर उन्हात मांडला, गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पलंग बायकोसाठी होता. ऑपरेशननंतर बरेच दिवस हॉस्पिटलात काढून ती उद्या घरी यायची होती. तिला जुन्या लोखंडी खाटेवर निजवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. घर सांभाळायला आलेली त्याची धाकटी बहीण चिडवत होती, "आमच्या नशिबी नाहीत हो असले पलंग!" तोही खुशीत होता.

ऊन उतरल्यावर तो वर गेला आणि दारातच थबकला.

तक्त्याला रंग झकास चढला होता. पण मधोमध माणसाएवढा फिकट आकार उमटला होता. कुणीतरी दिवसभर तिथे निजलं असावं तसा, कुशीवर, गुडघे दुमडून.

"कोण झोपलं होतं गं इथे?" तो जिन्यातून ओरडला.

"वर? किल्ली तर तुझ्याच खिशात आहे, दादा!"

तेही खरंच होतं. पण लाकडावर डाग दिसला की सुताराचा हात आधी रंध्याकडे जातो. उद्या बायको यायची, विचार करत बसायला सवड कुणाला? त्याने पायांच्या बाजूने रंधा मारायला घेतला. पातळ पापुद्रे सुटू लागले, कडवट गोड वास गच्चीभर पसरला. पावलं गेली, घोटे गेले... आणि मग त्याची नजर वर सरकली. एक तळहात गालाखाली. पाठीवर सुटलेली वेणी. अशी निजणारी बाई त्याला एकच ठाऊक होती.

रंधा हातातून गळून पडला. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलातून नर्स बोलत होती.

"लगेच या. पेशंटला पायांत काही जाणवत नाहीये... घोट्यांपासून खाली."

रंधा तर आता मारायचा नाहीच. पण उद्याच्या उन्हात राहिलेला आकारही गडद होऊन मिटून जाईल, मग? काही सुचेना. त्याने जाड ब्लँकेट आणून तक्ता पुरता झाकला, "तक्त्यावर डाग पडलाय, पायांकडून थोडा रंधा मारलाय. याला हात लावू नकोस," असं बहिणीला बजावलं आणि धावत सुटला.

वॉर्डात दिवे लख्ख जळत होते. बायको कुशीवर पडली होती, डोळे उघडे.

"अहो... तुम्हीच ना?"

"मीच. हा काय, समोर उभा आहे."

"मग दिसत का नाही? सगळा अंधार आहे. दुपारी किती छान ऊन लागत होतं... लाकडाचा वास येत होता. आता तोंडावर कुणीतरी काहीतरी घातलंय. जड आहे हो... काढा ना."

एका हाताने तिचा हात धरून त्याने दुसऱ्या हाताने बहिणीला फोन लावला.

"वर जा. गच्ची उघडीच आहे. ते ब्लँकेट काढ, आत्ताच्या आत्ता!"

जिना चढल्याचा आवाज आला. मग ब्लँकेट ओढल्याचा.

"काढलं... पण दादा, डाग कुठाय? तक्ता सगळा सारखा तांबूस झालाय. तू रंधा मारलास तिथेसुद्धा."

"दिसतंय," बायको पुटपुटली. "दिसताय तुम्ही." त्याचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं.

"थांब हं," फोनवर बहीण म्हणाली, "खालून कुणीतरी हाक मारतंय." ती जिना उतरली. दार उघडल्याचं ऐकू आलं. मग तिचा हरखलेला आवाज, "काय रे दादा, सांगितलंसही नाहीस! वहिनी एकट्याच आल्या की घरी. दाराच्या पायरीवर बसल्यात. पावलं सोलून निघालीत बघ त्यांची, चालवत नाहीये. तू कुठे आहेस म्हणून विचारतायत."

बायकोने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"कुणाचा फोन आहे हो?" तिने विचारलं.