पाइपावरचे तीन ठोके

वरच्या मजल्यावर बसणाऱ्या साहेबांनो, हे तुम्हाला उद्देशूनच लिहितोय. पुढचं सगळं खरं आहे. खोटं वाटत असेल तर एका माणसाचं शहाणपण तुम्ही कचऱ्यात टाकलंत, तेही खोटं म्हणा.

वीजकेंद्रात वाफेच्या पाइपांवर छत्तीस वर्षं काढलेले, सगळे ज्यांना काका म्हणायचे ते. निवृत्तीआधी नऊ दिवस तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलंत. पाइपांबद्दल ठाऊक होतं ते सगळं त्यांनी सांगितलं, तुमच्या माणसानं लिहून घेतलं. मग तुमचा हुकूम आला, जे नकाशात नाही ते फाइलीत नको.

दोन पानं उरली.

काका घरी गेले आणि सात महिन्यांत जगातूनही गेले.

त्यानंतर हे घडलं, माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. भर दुपारी, पावणेतीनला, बॉयलरच्या मागच्या लोखंडी माळ्यावर. ताई तिथं ऑपरेटर आहे. काकांच्या हाताखाली तयार झालेली.

सहा दिवस बंद पडलेलं युनिट चालू करायचं होतं. थंड पाइपात वाफ शिरली की तिचं पाणी होतं. ते आधी काढून टाकायचं, मगच मोठा व्हॉल्व्ह उघडायचा. आत पाणी राहिलं आणि मागून वाफ सुटली, तर तेच पाणी तोफेच्या गोळ्यासारखं येतं. पाइप फाटतो. समोरचा माणूस ओळखू येत नाही.

पुस्तकात पाणी काढायला वीस मिनिटं लिहिलेली. ताईनं पंचवीस दिली. मग दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक धरलं. शेजारी मिस्त्री उभा होता, पाइपांवर पत्रे चढवणारा.

"सांभाळून हं ताई. आमची बायको म्हणते, तुम्ही नाही आलात तरी चालेल, डबा परत आला पाहिजे."

ताई हसली. चाक फिरवणार, एवढ्यात...

टण्.

पाइपावर कुणीतरी पाना मारला.

टण्... टण्.

मग काही नाही.

ताईनं चाक सोडलं. पंपांच्या घरघरीत तिथं बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून काका पान्यानं बोलायचे. एक ठोका, चालू दे. दोन, हळू. तीन... हात काढ.

ही खूण फक्त त्या दोघांतली.

"खाली कोण आहे?" तिनं मिस्त्रीच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कोण असणार? मीच सगळ्यांना हाकलून दोरी बांधून आलोय."

वॉकीटॉकी खरखरला. "बाई, झोप लागली का? उघडा की."

"साहेब, पाच मिनिटं थांबते."

"कशासाठी?"

काय सांगणार? मेलेला माणूस नको म्हणतोय? तिनं पुन्हा चाक धरलं.

आणि एकाएकी... घरघर थांबली.

पंप चालूच होते. पायाखालची जाळी थरथरत होती. मिस्त्रीचे ओठ हलत होते. आवाज मात्र कशाचाच नाही.

त्या मुक्या जागेत...

टण्. टण्. टण्.

यावेळी अगदी हाताजवळ.

तिनं हात काढले. घरघर परत आली.

दोघं खाली उतरली. पाइप जिथं खोलगट होऊन भिंतीत शिरतो, तिथवर गेली. दोरी जशीच्या तशी. धुळीत एक पाऊल नाही.

पण पाइपावरचा पत्रा... निघालेला होता.

सहा स्क्रू खाली फडक्यावर ओळीनं मांडलेले. सगळ्यांची डोकी एका बाजूला. काका असेच मांडायचे.

"अकरा वर्षांत या पत्र्याला मी हात लावलेला नाही," मिस्त्री म्हणाला.

पत्र्याआड अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह होता. कुठल्याच नकाशात नसलेला. ताईनं बाजूला उभं राहून तो उघडला. उकळतं पाणी सुटलं. नऊ मिनिटं वाहत होतं.

तेवढं सगळं तिच्या अंगावर येणार होतं.

तुम्ही तिला सतर्कतेचं प्रशस्तिपत्रक दिलंत. तिनं ते घरी आणलंच नाही.

काकांनी वाचवलं, गोष्ट संपली, असं मलाही वाटलं होतं.

गेल्या सोमवारी ठोके पुन्हा आले. दुसऱ्या युनिटखाली, केबलच्या भुयारात. तीन. जरा थांबून... पुन्हा तीन.

ताई चार वेळा आत उतरली. टॉर्च मारला, भिंतीला कान लावला, हातानं चाचपलं. हात काढायचा, पण कशावरून? तिला काहीच सापडत नाही. भुयारातलं काका तिला कधी बोलले नव्हते. ते त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, त्या नऊ दिवसांत.

सोमवारी ठोक्यांच्या दोन फेऱ्यांत पाच मिनिटांचं अंतर होतं. काल... वीस सेकंद.

उद्या सकाळी सातला ताईची पाळी आहे. त्या युनिटवर तिच्यासोबत बेचाळीस माणसं असतात. मी नको जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "मग ठोके ऐकणार कोण?"

साहेब, तुमच्या माणसानं ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं. त्याला उठवा, विचारा, आणि सातच्या आत मला सांगा.

त्या भुयारात काय आहे?