भुरीच्या वाट्याचे

शेळीच्या लेंड्या तिच्या अंगातूनच घ्याव्या लागतात. जमिनीवरून उचलल्या तर कोणत्या कोणाच्या, ते सांगता येत नाही. प्रसेनजित इंगळे हे काम नऊ वर्षे करीत होता. हातमोजा, पिशवी, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, मग पुढची शेळी. जंतांचा भार कळपात कसा वाटला जातो, हा त्याच्या संशोधनाचा विषय होता, आणि त्यासाठी संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, भिमाबाईंच्या एकतीस शेळ्या त्याने निवडल्या होत्या.

"लेंड्या पाह्यासाठी सरकारनं याले डॉक्टर केलं," भिमाबाई सुनेला म्हणाल्या. योगिनीला सातवा महिना होता. ती तोंडाला पदर लावून हसली.

"हसा तुमी," प्रसेनजित म्हणाला. "पन शेळी घट्ट धरा."

सूक्ष्मदर्शकाखाली तीस शेळ्यांच्या नमुन्यांत जंताचे एकही अंडे दिसले नाही. सतरा क्रमांकाच्या शेळीत एका ग्रॅमला अकरा हजार चारशे निघाली. रक्त पिणारा जंत, पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहणारा. थोड्या जनावरांत बहुतेक जंत असतात, हे पुस्तकी ज्ञान झाले. पण एकाच गवतावर चरणारी बाकीची सगळी जनावरे कोरी राहत नाहीत. पंधरवड्याने त्याने पुन्हा मोजले. पुन्हा तीस शून्ये आणि अकरा हजार चारशे. तिसऱ्या खेपेला त्याने काचपट्टी बदलली आणि क्रमांक झाकून नमुने सहकारी अश्वजितकडे दिले. अश्वजितने कागद परत केला. आकडा तोच होता.

सतरा क्रमांकाची शेळी म्हणजे भुरी. वय चौदा. प्रसेनजितने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग चुन्यासारखा पांढरा होता. असे जनावर दोन दिवसांत आडवे होते. भुरी बाभळीच्या शेंगा चघळत उभी होती. बाकीच्या शेळ्या एकमेकींना खेटून चरत होत्या. तिच्याभोवती मात्र दोन हात जागा मोकळी होती, आणि धावत आलेली करडेसुद्धा त्या कडेशी येऊन वळत होती.

भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की जनावराला औषध द्यायचे, असे संशोधनाच्या परवानगीत स्पष्ट लिहिले होते. त्याने औषधाची पिचकारी भरली. भिमाबाईंनी भुरीच्या तोंडावर हात ठेवला.

"तिले नोका देऊ, डॉक्टर."

"काऊन?"

"तिच्यातून काढसान, तं ते जाईन कुठं?"

"मरते ते, आजी. लेंडीवाटे बाहेर पडते."

"माह्या मालकानं अकरा वर्षं ते आपल्या आंगावर घेतलं. जाताना भुरीच्या कानात सांगून गेला. तवापासून ते तिच्यापाशी हाय." त्या भुरीकडे पाहत होत्या. "कळप जगते तिच्यानं."

ही माहिती त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. त्याने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि औषध दिले. भुरीने ते गिळले. मग मान वळवून ती भिमाबाईंकडे पाहत राहिली.

नवव्या दिवशी तो आला तेव्हा भुरीच्या पापणीत गुलाबी छटा होती. ती करडांच्या गर्दीत बसली होती. नमुन्याची पिशवी बांधताना त्याला समाधान वाटले.

"आत्याबाई उठत नाहीत," योगिनी दारातून म्हणाली. "दवाखान्यात दोन पिशव्या रगत चढवलं. दोन दिवसांत जसंच्या तसं."

भिमाबाई खाटेवर होत्या. तळहात कागदासारखे झाले होते. दवाखान्याच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन तीन पूर्णांक आठ दशांश. त्याने त्यांचाही नमुना मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो अहवाल घेऊन परत आला. भुरी शून्य. भिमाबाई अकरा हजार चारशे.

हा जंत माणसात जवळजवळ राहतच नाही. शेळीतसुद्धा अंडी घालायला त्याला तीन आठवडे लागतात. दोन्ही वाक्ये बरोबर होती. वाटेत त्याने ती अनेकदा म्हणून पाहिली होती.

दवाखान्याने दिलेली जंताची गोळी भिमाबाईंनी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

"घेतली काऊन नाही, आजी?"

"मी सोडलं तं जवळच्याले लागते." त्यांची नजर योगिनीच्या पोटावर गेली. "घरात दुसरं कोन हाय?"

त्याने अर्धा तास समजावले. त्यांचा श्वास मध्येच थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. वाद घालायला दिवस उरले नव्हते. शेवटी त्याने लागू पडेल असा एकच उपाय केला. त्याच्या लेखी त्या शब्दांना काही अर्थ नव्हता.

"मले द्या मंग. अन् गोळी घ्या."

"कबूल म्हना लागते. हसून नोका म्हनू."

"कबूल."

भिमाबाईंनी गाठ सोडली.

चौथ्या दिवशी त्या अंगणात चालत होत्या. पुढच्या मोजणीत एकतीस शेळ्या शून्य. त्यांचा स्वतःचा नमुनाही शून्य. प्रसेनजितने अहवालात लिहिले, औषधाचा परिणाम शंभर टक्के.

देऊळघाटच्या स्वतःच्या घराचा जिना त्याला चढवेना, तेव्हा त्याने उन्हाला दोष दिला. मग एका दुपारी, प्रयोगशाळेत कोणी नसताना, त्याने स्वतःचा नमुना काचपट्टीवर घेतला.

दोनशे अठ्ठावीस अंडी. ग्रॅममागचा आकडा काढायला गुणिले पन्नास.

गुणाकार तोंडी येत होता. तरी त्याने तो कागदावर केला.

संध्याकाळी तो जंताच्या गोळीचे पाकीट घेऊन घरी आला. त्याच्या बायकोने, सुवर्णाने, पाण्याचा पेला भरून समोर ठेवला. "आंगात रगत राह्यलं नाही तुमच्या," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतली.

त्याची तीन वर्षांची मुलगी धम्मशीला खडू घेऊन आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून चित्र काढू लागली. तिची पाठ उबदार होती.



"घेतली का गोळी?" सुवर्णाने आतून विचारले.

त्याने मूठ मिटली.

"घेतली," तो म्हणाला.