घिवलीची ओहोटी

उन्नतीला शंखांची माळ हवी होती, आणि सुजीत ती विकायला तयार नव्हता. आमची ओळख झाली ती अशी.

उन्नती माझी वाशिमची भाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई तिला घेऊन आली होती. बाबा तेव्हा वीज प्रकल्पात होते, आम्ही तिथल्याच वसाहतीत राहायचो. पाहुणे आले की त्यांना चिंचणीचा समुद्र दाखवणं माझ्याकडे. सुरूची सावली, उंटावरची फेरी, गार ताडगोळे आणि शेवटी खरेदी.

"ही माळ नका घेऊ," सुक्या मासळीच्या गाळ्यावर माळाही टांगून बसलेला सुजीत म्हणाला.

"का? विकायलाच ठेवलीय ना?"

"हे शंख इथले नाहीत. लांबून गोणीतून येतात." मग तो उन्नतीकडे झुकला. "उद्या सकाळी ओहोटी आहे. आमच्या घिवली गावच्या खडकांत ये, तुझे तू वेच."

"आणि तिच्या मावशीनं?" मी बोलून गेले... आणि कान तापले.

तो बोंबील नीट लावू लागला. ते आधीच नीट होते. "मावशीशिवाय लहान मुलांना खडकांवर सोडत नाही आम्ही."

दुसऱ्या दिवशी गेलो. समुद्र लांब सरला होता. डबक्यांत इवले खेकडे पळत होते, उन्नती किंचाळत त्यांच्यामागे. शेवाळलेल्या खडकावर माझा पाय घसरला, सुजीतनं हात धरला — आणि सोडायला जरा उशीर केला.

ताई-उन्नती परत गेल्या. मी मात्र दर रविवारी सुकट घ्यायला चिंचणीला. आमच्या घरी मासे चालत नाहीत, त्यामुळे सुकट जायची शेजारच्या हिनाकडे. शेवटी तीच म्हणाली, "समिधा, आता बास गं. माझ्या डब्यांत जागा नाही!"

"कशी झाली होती सुकट?" एका रविवारी सुजीतनं विचारलं.

"छान."

"काय काय घातलंत?"

"कांदा... आणि... दही?"

तो इतका हसला की शेजारचे गाळेवाले बघायला लागले. "पुढच्या रविवारी काही घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "नुसत्या या."

पावसाळा गेला, थंडी आली. आम्ही सुरूच्या बनात खूप बोललो, फक्त एक गोष्ट सोडून. मग बाबा निवृत्त झाले. वाशिमचं घर बांधून तयार होतं. आम्ही तिकडे जाणार हे मी सांगितलं तेव्हा सुजीत म्हणाला, "चांगलंय... स्वतःचं घर झालं तुमचं." मी रिक्षात रडत परत आले.

निघायच्या दिवशी टेम्पो भरत असताना फाटकाशी स्कूटर थांबली. सुजीत, आणि मागे त्याची आई, हिरामावशी.

"सामान सगलं भरलं काय?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो, झालंच."

"आनि पोरगी?"

बाबा गोंधळले.

"माजा पोरगा दोन दिस जेवला नाय. त्याला इचारायला तोंड नाय, म्हनून मी आली."

बाबांनी सुजीतकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "समिधा, तुझं काय म्हणणं?"

"यांनी मला अजून काही विचारलेलंच नाही, बाबा."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सुजीत पुढे आला. "माझ्याशी... लग्न कराल?"

"करेन," मी म्हणाले. "पण आज आईबरोबर घर लावायला जायचंय. तुम्ही या वाशिमला. रीतसर."

"वाशिमला समुद्र हाय काय?" हिरामावशींनी विचारलं.

"नाय," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"मंग हिला आनायलाच पायजे!"

होळी झाली आणि दोघं आले. आईनं पुरणपोळ्या केल्या, बाबांनी सुजीतला नवं घर खोलीन् खोली फिरवून दाखवलं.

आता मी घिवलीची. रविवारी गाळ्यावर जाताना वसाहतीजवळून रस्ता आहे. आमच्या जुन्या क्वार्टरच्या खिडकीला दुसऱ्याच कुणाचे निळे पडदे आहेत. आई तिथं उभी राहून मला हाक मारायची. मी सुजीतला कधी काही बोललेली नाही, पण ती खिडकी आली की तो स्कूटर हळू करतो.