दोऱ्याचे तीन किलो

"धर ना नीट! वजनकाट्यावर नाचायला आणलंय का त्याला?" चिमणी चिडली.

"मी धरलंय गं, पण तोच मला सोडत नाही!" उंट्या ओरडला. तपकिरी कुत्र्याने दोन्ही पाय त्याच्या खांद्यावर टाकले होते.

प्राण्यांच्या दवाखान्यात चिमणी, उंट्या आणि प्रश्नोबा या नववीच्या तिघांचं सुट्टीतलं प्रशिक्षण सुरू होऊन आठवडा झाला होता. औषधाला हात लावायचा नाही, एवढा एक नियम. बाकी जनावर धरायचं, त्याला खायला घालायचं, त्याचं वजन करायचं आणि जे दिसेल ते कार्डावर लिहायचं.

चिमणीने कुत्र्याच्या मानेवरून हळूहळू हात फिरवला. तो शांत झाला.

"बारा किलो," प्रश्नोबाने आकडा वाचला. "पण कार्डावर काल पंधरा लिहिलंय! पिंजरा तीन, कुत्र्याचं नाव दोरा."

"एका रात्रीत तीन किलो? माझी मावशी वर्षभर पळतेय, तिला सांगायला हवं!" उंट्या हसला.

चिमणी मात्र हसली नाही. अकरा वाजता दोऱ्याच्या मागच्या पायावरची गाठ काढायची होती. बेशुद्धीचं औषध वजनावर ठरतं, हे डॉक्टरबाईंनी त्यांना शिकवलं होतं. बाहेरच्या बाकावर दोऱ्याचे मालक शिंपीकाका सकाळपासून रिकामा पट्टा मुठीत धरून बसले होते. घरी ते आणि दोरा, दोघंच.

तिने कुत्र्याचा मागचा पाय चाचपला. मग दुसरा.

"अगं बाई! याला गाठच नाही!"

तिघेही चार नंबरच्या पिंजऱ्याकडे धावले. तिथेही तसाच तपकिरी कुत्रा, दारावरच्या कार्डावर नाव 'टायगर', आणि त्याच्या मागच्या पायावर लिंबाएवढी गाठ!

"म्हणजे दोरा हा, आणि काट्यावरचा तो टायगर," उंट्या म्हणाला. "सकाळी पिंजरे धुताना कंपाउंडरकाकांनी दोघांना बाहेर काढलं आणि परत ठेवताना उलटसुलट ठेवलं. कार्डं राहिली दारांवरच!"

"कसली खलबतं चाललीत?" मागून कंपाउंडरकाका आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! एवढंच ना?" त्यांनी कार्डं इकडची तिकडे केली. "झालं! आता बाईंच्या कानावर नका घालू. उगाच बोलणी खायला लावाल मला."

"काका, पण टायगरला दर दोन तासांनी खायला द्यायचं होतं," प्रश्नोबा चाचरत म्हणाला. "आठ वाजता मी चार नंबरमध्ये वाटी ठेवली. म्हणजे ती..."

"दोऱ्याने खाल्ली!" चिमणी किंचाळली. "त्याला तर उपाशी ठेवायचं होतं! बेशुद्धीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर?"

"एवढ्याशा वाटीने काय होतंय? वीस वर्षं झाली मला इथं!" काकांनी दोऱ्याला उचललं. "ऑपरेशनच्या खोलीत पोरांनी यायचं नाही. कार्ड आण रे."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. उंट्याने प्रश्नोबाला कोपर मारलं. प्रश्नोबाने पाठ वळवली, कार्डावर भराभर काहीतरी लिहिलं आणि ते काकांच्या हातात दिलं. काकांनी ते न बघताच बगलेत मारलं. वीस वर्षांत त्यांनी एकही कार्ड वाचलं नव्हतं!

तिघांनी दाराच्या काचेला नाकं लावली. डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले, सुई हातात घेतली. चिमणीने उंट्याचा हात गच्च धरला. मग बाईंनी कार्ड मागितलं. वाचलं. पुन्हा वाचलं: "आठ वाजता पूर्ण वाटी खाल्ली. पिंजरे बदलले होते."

सुई खाली ठेवली गेली. दार उघडलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"तिघांचं!" तिघे एकदम म्हणाले.

बाईंनी काकांकडे नुसतं पाहिलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पोरं शहाणी निघाली."

"शहाणी आणि धीट," बाई म्हणाल्या. "आज या जनावराचा जीव तुम्ही राखलात रे. आजपासून कार्ड पिंजऱ्याला नाही, जनावराच्या गळ्यात बांधायचं. काका, आधी त्या टायगरला खायला घाला. आणि चिमणे, शिंपीकाकांना तूच सांग, ऑपरेशन उद्या."

शिंपीकाका धडपडत उठले. "उद्या? का गं? काही वाईट..."

"नाही हो काका! त्याने खाल्लं, म्हणून."

"खाल्लं? दोऱ्याने?"

"वाटी चाटूनपुसून!"

काका पुन्हा बाकावर बसले. हसू लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "ऑपरेशन ठरल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. मी ताटावरून उठलो की तोही उठायचा. दोन दिवस वाटीला तोंड लावलं नव्हतं गं माझ्या लेकराने!"

टायगरला खायला घालून बाहेर आलेले कंपाउंडरकाका दारातच हे ऐकत होते. त्यांनी स्वतःचा डबा उघडून शिंपीकाकांच्या मांडीवर ठेवला.

"तो जेवलाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता तुम्ही जेवा."

शिंपीकाकांनी घास घेतला. मग दुसरा.