फ्यूजच्या जागी तार

हे खोटं आहे असं कुणी सिद्ध करून दाखवलं, तर मला बरंच वाटेल.

पण मी ते स्वतः पाहिलंय.

जागा लखनौ, अलीगंजमधली आमची बिल्डिंग. गेल्या जानेवारीतली एक धुक्याची संध्याकाळ. आणि हे घडलं समीरच्या बाबतीत, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या.

आम्ही मूळचे सांगलीचे. समीर बँकेत आहे. बिल्डिंगमध्ये आमच्याशिवाय एकच मराठी घर, चंद्रहासकाका आणि विनयाकाकूंचं. काका शेतीचे शास्त्रज्ञ, बिल्डिंगचे 'डॉक्टर साहब'. पीएचडी करताना घेतलेली मोटारसायकल त्यांनी अजून ठेवली होती. समीरला जुन्या गाड्यांचा नाद. सुटीला दोघं पार्किंगमध्ये पाने-पकडी घेऊन बसलेले असायचे.

डिसेंबरात त्या गाडीचा फ्यूज सारखा उडायला लागला. कुठेतरी वायर घासून शॉर्ट होत होती. ती शोधायची तर टाकी, सीट, सगळं उतरवावं लागणार. समीरला ऑफिसची घाई होती. त्याने फ्यूज काढला आणि त्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला.

"काका, आता नाही उडणार. रविवारी नीट उघडून बघू."

"चालेल ना रे असं?"

"अहो, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

फ्यूज उडतो म्हणून वायरिंग वाचतं. तार उडत नाही, मग वायरिंगच जळतं. हे समीरला पक्कं माहीत होतं.

रविवारी कडाक्याची थंडी होती. समीर खाली गेलाच नाही.

त्याच आठवड्यात काका शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पुढे, कुणाच्या शेतातल्या मातीचे नमुने आणायला गेले. परतताना धुकं दाटलं. टाकीखाली वायरिंग पेटलं. इंजिन बंद पडलं, दिवे गेले...

मागून ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती. चालवणाऱ्याला काका दिसलेच नाहीत.

"पुरानी गाड़ी थी, शॉर्ट सर्किट हो गया होगा," पोलीस म्हणाले. विषय संपला.

गाडी परत आली तेव्हा समीर एकटाच तिच्याजवळ गेला. सगळ्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. तार मात्र शाबूत होती. नुसती काळी पडलेली. त्याने ती काढून खिशात टाकली.

त्या दिवशी तो जेवला नाही. मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "काकूंना नको सांगूस."

मी नाही सांगितलं.

काही दिवसांनी काकूच आमच्याकडे आल्या. "समीर, ती गाडी दुरुस्त करशील? चालवणार कुणी नाही. पण जळकी ठेवायला नको वाटतं रे."

समीर मान खाली घालून हो म्हणाला.

मग त्याने जे करायला हवं होतं ते सगळं केलं. नवीन वायरिंग घातलं. हँडल वळताना वायर घासते तिथे रबरी नळी चढवली. टाकीखालची एकही वायर लोखंडाला टेकणार नाही अशी बांधली. हेडलाइटला वेगळा फ्यूज, हॉर्नला वेगळा. आणि बॅटरीच्या अगदी जवळ एक मुख्य फ्यूज, काचेचा.

फक्त बॅटरी आणायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर मुख्य फ्यूज उडालेला. काच आतून काळी.

"खराब निघाला असेल," मी म्हटलं.

त्याने दुसरा लावला. तोही उडाला.

"पूर्वा..." तो माझ्याकडे बघतच राहिला. "गाडीत बॅटरी नाहीये. करंट येतोय कुठून?"



त्यानंतरची ती संध्याकाळ. गॅलरीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, इतकं धुकं. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी सरोज नुकतीच वर आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "भाभी, भैया नीचे गाड़ी की बत्ती जलती छोड़ दिए हैं."

"कौन सी गाड़ी?"

"वही... डॉक्टर साहब वाली."

समीर आत खोलीत होता.

आम्ही दोघं जिन्याने खाली गेलो. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरचा एरवीचा गोंगाटही येत नव्हता.

आधी वास आला. प्लॅस्टिक जळल्याचा...

मग आवाज.

टिक... टिक... टिक...

इंडिकेटर लावल्यावर येतो तसा.

आणि धुक्यात एक पिवळा दिवा.

समीर पुढे गेला. बाजूचं झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. त्याने फ्यूजला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

दिवा विझला.

टिकटिक आणखी थोडा वेळ चालू राहिली... मग तीही थांबली.

समीर तिथेच खाली बसला. तो हात पोटाशी धरून रडला. मग उठला आणि घरी न येता सरळ काकूंच्या दारापाशी गेला. मी मागोमाग.

त्याने सगळं सांगितलं. तार, घाई, खिशात लपवलेला तो काळा तुकडा. काही झाकून ठेवलं नाही.



काकू म्हणाल्या, "तारेचं मला काय कळतंय? पण त्या रविवारी ते सकाळपासून खाली बसले होते. सीट काढून ठेवलेली. मी म्हटलं, फोन करा ना त्याला. तर म्हणाले, पोराला एकच सुटी असते, येईल झोप झाली की."

समीरला मान वर करता येईना.

"जेवायला वर बोलावलं, तरी दोन घास खाऊन परत खाली गेले," काकू म्हणाल्या.

त्यांनी शाल घेतली आणि जिना उतरायला लागल्या. आम्ही मागून. पार्किंगमध्ये अंधार होता. काकूंनी चाचपडत गाडीच्या टाकीवर तळहात ठेवला.

आणि तसाच राहू दिला.

"गरम आहे," त्या हळूच म्हणाल्या.

समीरने हात लावून पाहिला. माझ्याकडे वळून मान हलवली. त्याला टाकी बर्फासारखी लागत होती.

मग मी हात लावला.

गरम होती. इंजिनची असते तशी नाही... ताप आलेल्या माणसाचं कपाळ लागतं, तशी.

मी हे समीरला आजवर सांगितलेलं नाही. त्याने विचारलं तेव्हा "थंडच आहे" म्हटलं.

त्यानंतर तो दिवा कधी लागला नाही. फ्यूजही उडाला नाही. काकू समीरशी बोलत नाहीत, पण माझ्याशी बोलतात. थंडी संपेपर्यंत त्या रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीजवळ खुर्ची टाकून बसायच्या. एकदा मी म्हटलं, "काकू, वर चला ना, गारठून जाल."

"तू जा," त्या म्हणाल्या. "यांचं काम अजून व्हायचंय."

तिथे आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. मी भराभर जिना चढून वर आले आणि दाराला कडी घातली.