रिकामी नळी

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काम रिकामी नळी करते, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. बहुतेकांना वाटतं मॅडम विनोद करतायत. मी विनोद कमी करते.

डीएनएची तपासणी करताना प्रत्येक खेपेला एक जादा नळी लावायची असते. तिच्यात बाकी सगळं घालायचं, फक्त माणसाचा नमुना घालायचा नाही. त्याच्या जागी शुद्ध पाण्याचा थेंब. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. शेवटी स्क्रीनवर बाकीच्या नळ्यांचे उंच सुळके उठतात आणि ब्लँकची रेघ सपाट राहते. ती सपाट राहिली, तरच बाकीचं खरं मानायचं. ती हलली, तर सगळी खेप बाद.

आमची लॅब दुबईत, ऊद मेथा भागात, इंडियन शाळांच्या मागच्या रस्त्याला आहे. व्हिसासाठी बापलेकाचं नातं सिद्ध करणारे लोक येतात. पोटातल्या बाळाची तपासणी त्याच्या आईच्या रक्तावरून होते, त्यासाठी बायका येतात. मी मूळची कराडची, राहायला शारजात अल मजाजला, आणि या कामात केस पांढरे केलेत. देव मानते, पण त्याला लॅबच्या दाराबाहेर चपलांशेजारी थांबायला सांगते.

ऑक्टोबरात एका सकाळी ब्लँकची रेघ हलली.

"मॅडम, जरा येता का?" नीलेशनं हाक मारली. नीलेश माझा टेक्निशियन, चिपळूणचा, कामाला चोख पण बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो गप्प उभा होता.

स्क्रीनवर सुळके होते. पुसटसे नव्हेत, चांगले ठणठणीत. हवेतला कचरा किंवा कुणाची शिंक पडली तर दोन-चार वेडेवाकडे सुळके येतात. इथे प्रत्येक जागी बरोबर दोन, एका अख्ख्या माणसाचे. त्यात वाय गुणसूत्राचा सुळका होता, म्हणजे पुरुषाचे.

"आय स्वेअर मॅडम, मी नाही," नीलेश म्हणाला. "मास्क था, ग्लव्हज था, सब था."

तो नव्हताच. आम्हा सगळ्यांचे डीएनए प्रोफाइल अशा वेळेसाठीच ठेवलेले असतात. माझा, नीलेशचा, सफाईला येणाऱ्या वलीचा, मशिन दुरुस्त करणाऱ्याचासुद्धा. कुणाशीच जुळेना. मी टेबलं पुसून घेतली, सामानाची नवी पेटी फोडली, स्वतः बसून पुन्हा खेप लावली. तोच माणूस पुन्हा आला. मी रिपोर्ट थांबवले, बाहेरून सीलबंद पाण्याच्या बाटल्या मागवल्या आणि घरी जाताना सगळ्या सिग्नलवर चिडचिड केली.

बाटल्या यायच्या आधीच बदरुन्निसा आल्या.

सोबत त्यांचा भाऊ होता, मोहिद्दीनभाई, देऱ्यात टायरचा धंदा करणारे. दोघं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची; बदरुन्निसा याच कामासाठी गावाहून आल्या होत्या. बदरुन्निसांचा मुलगा उमर लाँचवर खलाशी होता. सप्टेंबरच्या शेवटी लाँच इथल्या समुद्रात बुडाली. बाकीचे वाचले, उमर सापडला नाही. आता फुजैराच्या किनाऱ्याला एक मृतदेह लागला होता, ओळखण्यापलीकडचा. त्याचा प्रोफाइल आमच्याकडे आला होता. आईच्या रक्ताशी ताडून बघायचं, एवढंच आमचं काम.

"मॅडम, एकच रिक्वेस्ट," मोहिद्दीनभाई म्हणाले. "हां बोला या ना बोला, पण पक्कं बोला. मय्यत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज, खात्री झाल्याशिवाय ती पढायला बहीण तयार नाय. दोन टाइम त्याचं ताट वाढते. आणि सून हाय घरात, कशफ. लग्नाला वर्ष नाय झालं. तिला किती बसवायची अशी?"

बदरुन्निसा भावाशेजारी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पायात जाड मोजे, कारण आमच्या एसीची त्यांना सवय नव्हती. नीलेशनं पँट्रीतून पाण्याचा ग्लास आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू, अगदी तळापर्यंत संपवला.

"अजून देऊ का, खाला?" मी विचारलं.

"दे बाय. हितला पानी बरा लागता."

मला हसू आलं. दुबईच्या पाण्याची स्तुती मी पहिल्यांदाच ऐकत होते. इथं नदी नाही. समुद्राचं पाणी उपसून, मीठ काढून नळाला सोडतात. लोक त्यानं केस गळतात म्हणून रडतात.

रक्त घेतलं, खेप लावली. ब्लँकमध्ये तो होताच. मी आधी आईचे आकडे मृतदेहाच्या आकड्यांशी ताडले. हे समजायला सोपं आहे. डीएनएत ठरावीक जागी तीच ती अक्षरं परत परत येतात, कुणाची अकरा वेळा, कुणाची चौदा. प्रत्येक जागी आपले दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. म्हणजे मुलगा खरा असेल, तर प्रत्येक जागी आईच्या दोनातला एक त्याच्यात सापडलाच पाहिजे. मृतदेहात पहिल्या तीन जागांवरच सापडला नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता.

चहा घेऊन परत आले तेव्हा स्क्रीनवर आईची रेघ आणि ब्लँकची रेघ एकाखाली एक उघडी राहिली होती. मी माउस हातात घेतला आणि थांबले.

पहिल्या जागी एक आकडा आईचा. दुसऱ्या जागी एक आईचा. तिसऱ्या जागीही. मी शेवटपर्यंत गेले. एकही जागा सुटली नव्हती.

चहा तसाच राहिला. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, मग नीलेशला काही न सांगता बघायला लावलं.

"हा तर बाईंचाच मुलगा आहे," तो सहज म्हणाला. मग त्यानं वरचं नाव वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. "मॅडम, हे ब्लँक आहे."

"बाईंच्या नमुन्यातून आलं असेल," मी म्हटलं.

"त्या परवा आल्या मॅडम. हा गेल्या आठवड्यापासून आहे."

ते मलाही माहीत होतं. मला फक्त दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बाटल्या आल्या. सीलबंद पाण्यानं खेप लावली, ब्लँक सपाट. आईचं तेच रक्त पुन्हा तपासलं, मृतदेहाशी जुळत नाही हे पक्कं झालं. त्याच खेपेत मी आणखी दोन नळ्या लावल्या होत्या. एकीत आमच्या मशिनचं पाणी, गाळलेलं, उकळलेलं, अतिनील प्रकाशातून काढलेलं. दुसरीत माझ्या घरच्या नळाचं. दोन्हीत उमर होता.

हे होऊ शकत नाही, हे मी कुणालाही पुराव्यानिशी पटवून देऊ शकते. समुद्रात डीएनए टिकत नाही. टिकला तरी इतक्या पाण्यात एक माणूस म्हणजे काहीच नाही. वर ते गाळण्यांतून जातं, त्यात क्लोरीन पडतं. मी हे सगळं त्या रात्री जेवताना मनातल्या मनात म्हणत होते. समोर माझी मुलगी मिहिका मोबाइलवर बघत गटागटा पाणी पीत होती.

"थोडं थोडं पी," मी म्हटलं.

"मम्मा, इट्स जस्ट वॉटर."

खिडकीखाली खालिद लगूनचं पाणी काळं दिसत होतं. मी माझा ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि मग त्याचंच वाईट वाटलं. आपण कुणालातरी ओतून दिलं, असं वाटलं.

आमचा एक नियम आहे. मृतदेहाच्या केसमध्ये 'जुळत नाही' असं लिहून द्यायच्या आधी नातेवाइकाचं ताजं रक्त घेऊन पुन्हा एकदा ताडायचं. म्हणून मी दोघांना परत बोलावलं. सांगायचं ते तेवढंच, असं ठरवून गेले. रिकाम्या नळीत काय दिसलं हे लॅबबाहेर सांगायचं नसतं. ते सांगणं म्हणजे आमच्या धंद्यात भूत बघितलं म्हणण्यासारखं आहे.

"तो मृतदेह उमरचा नाही," मी म्हटलं. "आजचं रक्त फक्त नियम म्हणून."

मोहिद्दीनभाई उठूनच उभे राहिले. "अल्हम्दुलिल्लाह! म्हणजे पोरगा जित्ता हाय! कुठंतरी इराणच्या बाजूला लागला असंल. इन्शाल्ला येईल." आणि ते कशफला फोन लावायला बाहेर गेले. काचेपलीकडे त्यांचा हात आनंदानं हलत होता.

मला ते बघवेना. ती मुलगी आता विशीपासून म्हातारपणापर्यंत दाराकडे बघत बसेल आणि ही बाई ताट वाढत राहील, आणि त्याला कारण माझं एक खरं वाक्य असेल.

बदरुन्निसा माझ्याकडेच बघत होत्या.

"बाय," त्या म्हणाल्या, "तू कायतरी पोटात ठेवतंस."

समोर नीलेशनं आणलेला पाण्याचा ग्लास होता. अजून त्यांनी हात लावला नव्हता.

मी सांगितलं. आकडे वगैरे काही नाही. एवढंच म्हटलं, की आम्ही पाणी तपासलं आणि त्यात तुमचा मुलगा आहे. कसा ते मला माहीत नाही. पण मी आयुष्यभर हेच काम केलंय आणि माझी चूक होत नाहीये.

मला वाटलं त्या किंचाळतील, किंवा मला वेडी ठरवतील. दोन्ही चाललं असतं.

त्यांनी ग्लासाकडे बघितलं.

"ह्या?"

"हो. हे पण तेच पाणी."

"थंडीत हाय तो," त्या म्हणाल्या.

त्यांनी ग्लास उचलला, दोन्ही हातांत धरला, ओढणीच्या पदरात घेतला. एसीचा आवाज येत होता. बराच वेळ त्या तशाच बसल्या, ऊब देत.

मग तोंडाला लावला.

हळूहळू प्यायल्या. एकही थेंब बाहेर नाही.

ग्लास खाली ठेवला तेव्हा काच आतून कोरडी होती. पुसल्यासारखी.

"घे आता रगत," त्या म्हणाल्या आणि बाही वर केली.

मोहिद्दीनभाई आत आले, तेव्हा बहिणीनं त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. त्यांनी फोन खिशात टाकला आणि डोळ्यांवर रुमाल धरला. बदरुन्निसांचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खेप लावली. सीलबंद पाण्याची नळी सपाट. आमच्या मशिनच्या पाण्याची सपाट. घरून आणलेल्या नळाच्या पाण्याचीही सपाट.

"खलास मॅडम, गेला," नीलेश हळूच म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. मलाही.

मग त्यानं बदरुन्निसांच्या ताज्या रक्ताची रेघ उघडली.

प्रत्येक जागी दोनाऐवजी तीन सुळके होते.

दोन त्यांचे. तिसरा मी ओळखला. नळीतल्या माणसाला आईकडून जो आकडा आला नव्हता, तो. वडलांचा. आणि शेवटच्या जागी वाय.

"मिक्स झालं का काही?" नीलेशनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. दुसऱ्या कुणाचं मिसळलं असतं, तर उंची कमी-जास्त असती; तिन्ही सुळके एकाच उंचीचे होते.

मृतदेहाशी ते तरीही जुळत नव्हतं. रिपोर्टमध्ये तेवढंच गेलं, आणि ते खरंच होतं. दोघं भावंडं त्याच आठवड्यात गावाला गेली.

त्यानंतर ब्लँक एकदाही हललेली नाही. मी अजून प्रत्येक खेपेला तिचीच रेघ आधी बघते, आणि ती सपाट दिसली की का कोण जाणे, थोडं एकटं वाटतं.

जानेवारीत मोहिद्दीनभाई परत आले आणि गावाकडचे पोहे नि कोकम घेऊन लॅबमध्ये भेटायला आले. गायबाना नमाज झाली म्हणाले. कशफची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायची मुदत, सरली की तिच्या माहेरचे बघतील पुढचं. बहिणीनं ताट वाढायचं थांबवलं होतं.

"तब्येत कशी आहे त्यांची?" मी विचारलं.

"बरी हाय मॅडम. मला वाटला होता खचंल, पण तोंडावर तेज आलाय उलट. जेवते पोटभर." ते जरा घुटमळले. "एकच हाय. झोपते ती डाव्याच कुशीवर. रातभर हलत नाय. आमी इचारला का, तर नुसती हसते."

नीलेशनं त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. मिहिका पोटात असताना शेवटचे चार महिने माझ्या डॉक्टरांनी मला तसंच झोपायला सांगितलं होतं.