एकाच नावाचे तीन सरडे

दोन फास एकाच सरड्याच्या गळ्याशी आले, आणि सरडा पसार झाला.

ती माळावरच्या गवतात पोटावर पडली होती. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास. समोरच्या दगडाआडून तसाच दुसरा फास लोंबत होता, आणि त्यामागे उन्हानं लालबुंद झालेला एक चेहरा.

"अहो, डोळे घरी विसरून आलात का? सकाळपासून त्याच्या मागावर होते मी!"

"मी पण..." तो चाचरला. "पण मान तो तुमच्याकडे बघून डोलावत होता. म्हणजे हक्क तुमचाच."

हसू यायला हवं होतं. तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी तोच चेहरा तिच्या संशोधन संस्थेत, संचालकांच्या केबिनमध्ये चहा पिताना दिसला, तेव्हा संतापाला कारणही मिळालं. संस्थेत तिला सगळे 'ठिणगी' म्हणत, ते काही उगाच नाही. माळावरचा हा साधा सरडा म्हणजे एक जात नाही, दोन आहेत, असं ती कधीपासून जीव तोडून सांगत होती. नर गळ्याखालची पिवळी झालर फुलवून मादीपुढे मान डोलावतो. तो ताल ओढ्याच्या अलीकडे वेगळा, पलीकडे वेगळा. अलीकडच्या नराकडे पलीकडची मादी ढुंकूनही बघत नाही. पण संचालकांचं उत्तर ठरलेलं: "बाई, सरडा तो सरडा. दिसतो एक, म्हणजे आहे एक." आणि आता तिचं म्हणणं तपासायला त्यांनी बाहेरून जनुकांचा तज्ज्ञ बोलावला होता.

"माझ्या कामाची झडती घ्यायला पाहुणा!" घरी ती भांडी आदळत म्हणाली. "वर गोड गोड बोलतो. नमुने मागताना 'प्लीज' म्हणतो!"

"रोज त्याच माणसावर चिडतेस," ताई शांतपणे म्हणाली. "एरवी तुझा राग इतका टिकत नाही गं."

यावर ती ताईवरही चिडली.

मग एके सकाळी पाहुणा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "तुम्ही चुकलात."

तिनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. नजर अशी, की दुसरा कुणी पळालाच असता.

"दोन नाहीत," तो म्हणाला. "तीन आहेत."

"तीन? तिसरी कुठून आणलीत?"

"दरीपलीकडची. तुम्हीच पकडलेले सरडे ते. जनुकं सांगतात, लाखो वर्षं झाली त्यांना वेगळं होऊन. पण मला एक कळत नाही... इतक्या काळात दिसायला बदलले कसे नाहीत?"

"कशाला बदलतील? ऊन तेच, गवत तेच, वर घिरट्या घालणारा ससाणाही तोच. लपायचं सगळ्यांना सारखंच. बदलली ती फक्त... प्रेमाची बोली."

शेवटचे शब्द निघून गेल्यावर तिचे कान तापले.

त्या आठवड्यात दोघं दरीपलीकडे गेले. गवतात शेजारी शेजारी, श्वास रोखून. तिथला नर दगडावर चढला, झालर फुलवली आणि थबकला. मग अगदी हळू मान डोलावली. खरंच, हा तालच निराळा!

"थांबला कशाला हा?" पाहुणा कुजबुजला.

"धीर गोळा करत असेल."

"मग मला समजतंय त्याचं."

तिनं वळून पाहिलं नाही. पण त्याच्या हाताला टेकलेला हातही बाजूला घेतला नाही.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी दुपारी, कँटीनमध्ये, तो खाली मान घालून म्हणाला, "संचालक म्हणतात... शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लावू."

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"विचार?" तिनं ग्लास असा आपटला की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "यात विचार कसला करायचा असतो हो?"

ती तडक केबिनमध्ये शिरली. "उन्हातान्हात पोटावर मी पडले, तेव्हा तुम्ही हसलात. आता तीन जाती निघाल्या, तर मान पाहुण्याला? पहिलं नाव माझंच लागेल. नाहीतर कुणाचा ताल कसा, ते जगासमोर तुम्हीच मान डोलावून दाखवा!"

बाहेर कारकुनाला ठसका लागला. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं... बरं, बाई. तसं करू."

"आणि बाई नाही. डॉक्टर आहे मी!"

बाहेर जिन्यापाशी तो उभा होता. "मी नाही म्हणायलाच आलो होतो."

"उशीर झाला."

"हो. मोह झाला मला. आजवर कुणी पहिलं नाव देऊ केलं नव्हतं. सकाळभर झाला... खोटं कशाला सांगू?"

सबबीसाठी तिच्याकडे भरपूर शब्द तयार होते. पण ही सबब नव्हती. ती पायरीवर बसली. "आणि आता?"

"आता दुसरं नाव पुरे. तुमच्या खालोखाल असेल तर..." तो जिन्याच्या कठड्याशी बोलल्यासारखा पुटपुटला. "निबंधावर. आणि जमलं तर... घराच्या पाटीवरही."

"पाटीवर?" ती उसळली. "अजून अहो-जाहो संपलं नाही, आणि पाटीपर्यंत पोचलात?"

"मग... तू सांग."

"मी अजून चिडलेली आहे, कळलं ना?"

"कळलं."

"बराच वेळ चिडणार आहे."

"मला सवड आहे," तो म्हणाला.

तिला हसू आवरेना. वरून संचालक जिना उतरत होते. तिनं त्यांच्यादेखत त्याचा हात धरला, आणि त्यांना वाट द्यायला जराही सरकली नाही.